मारुतीभाऊंची ‘मावळी’

आमच्या मारुतीभाऊंच्या कॉम्प्युटरला आधी रामराम घालावा लागतो. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत ‘राम राम’ लिहिलं नाही, तर तो पुढचं वाचतच नाही. पडद्यावर एवढंच उमटतं : ‘कोन पावनं?’

मी लोणावळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि कुसगावात भाऊंच्या शेजारी राहते. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शोधाची पहिली शिकार मीच.

भाऊ परंदवडीजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. पंधरा दिवसांत त्यांनी तिला यथेच्छ नावं ठेवली आणि महिन्याभरात तिला मावळातली सून करून घेतलं. पायथन आतून तशीच. वरून भाऊंनी एक जोड बसवला. आपण भाऊंच्या शब्दांत लिहायचं, जोड ते बदलून पायथनला समजावतो. जोडाचं नाव ‘मावळी’.

“तीस वर्सं मशीन माज्यावर इंग्रजीत वरडली, ताई,” ते म्हणाले. “आता आपल्या बोलीत बोलंल. आन् वरडायचं न्हाई.”

त्यामुळे मावळीत काही छापायचं तर ‘सांग’, थांबायचं तर ‘दम धर’, तेच तेच पुन्हा करणारा फेरा मोडायचा तर ‘बास’. यादीतला सगळ्यांत मोठा आकडा हवा असेल तर ‘थोरला’, लहान हवा तर ‘धाकटा’. आणि चूक झाली की लाल अक्षरं नाहीत. ‘हितं जरा चुकलं बगा. हुतं असं,’ असा निरोप येतो. माझ्या विद्यार्थ्यांशी मीसुद्धा इतकी गोड बोलत नाही.

पण भाऊंचा खरा अभिमान वेगळाच. खरं आणि खोटं या दोनच उत्तरांवर जग चालतं हे त्यांना मान्य नव्हतं.

“आपल्याकडं कोन सरळ व्हय न्हाईतर न्हाई म्हनतं का?” त्यांनी मला विचारलं. “सोयरिकीला गेलं तरी ‘बघू’. गवंडी कवा येनार? ‘बघू’.”

म्हणून मावळीत तीन उत्तरं आहेत : व्हय, न्हाई आणि बघू.

या जोरावर त्यांनी ‘आज कपडे वाळतील का’ असा प्रोग्राम लिहिला. आख्खा जुलै त्यानं ‘बघू’ हेच उत्तर दिलं. लोणावळ्याच्या हवेबद्दल इतका अचूक अंदाज मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

एका गुरुवारी मी हाच प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर ‘बघू, बघू, बघू’ अशी रांग सुरू झाली ती थांबेचना. मी प्रोग्रामच्या आत डोकावले. चूक एकाच ओळीत होती : मावळी ‘बघू’ला ‘व्हय’ समजत होती, म्हणून फेरा संपत नव्हता. मी दोन मिनिटांत दुरुस्त केलं आणि शाबासकीसाठी मागं वळले.

“बरं झालं,” भाऊ म्हणाले. आवाज मात्र काहीतरी हरवल्यासारखा.

शनिवारी गेले, तर ती ओळ पुन्हा पहिल्यासारखीच. माझ्याकडून जतन करायचं राहिलं असेल, असं वाटून मी कळफलकाकडे हात नेला.

“ऱ्हाऊ द्या, ताई,” भाऊंनी हात आडवा धरला. “उद्या शीतलचा फोन आसतो.”

शीतल त्यांची एकुलती लेक. कॅनडात सॉफ्टवेअरमधली मोठी नोकरी. बायको वारल्यापासून इकडे भाऊ एकटेच.

“जेवला का? व्हय. औषध घेतलं का? व्हय. झालं, दोन मिंटांत संपतं,” ते खाली बघत म्हणाले. “तिच्या कामातलं मला काय कळंना. म्हनून हे शिकलो. चूक दावली की बसती बगा माज्यासंगं.”

“म्हणजे दर आठवड्याला तुम्ही मुद्दाम...”

“न्हाई, न्हाई! पयल्या समद्या चुका खऱ्या हुत्या.” मग हळूच म्हणाले, “आता संपल्या.”

मला माझ्या हुशारीची लाज वाटली. मी खुर्चीतून उठले.

रविवारी संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. शीतलला माझी ओळख करून घ्यायची होती. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा चेहरा, बाकी सगळा भाऊंचा प्रोग्राम. कॅनडातूनच ती त्यावर माउसचा बाण फिरवत होती. बाण भराभर खाली आला आणि नेमका त्याच ओळीवर थांबला. तिला कळलं होतं. एवढ्या जाणत्या मुलीला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

क्षणभर बाण तिथेच राहिला. मग सावकाश वर सरकला.

“आबा, हे भलतंच गुंतलंय,” शीतल म्हणाली. “तासभर तरी लागेल. बसाल ना?”

“लागू दे की,” भाऊंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. “मला कुटं जायाचंय?”

मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.