टबाच्या तळाचं भोक

फोरमनच्या मुलीला पहिली मुलगी झाली, त्याच वर्षी कारखान्याला बाळांच्या अंघोळीच्या टबांची ऑर्डर आली. तोवर तिथं बादल्या, पाण्याचे मग आणि फार तर भाजी ठेवायच्या जाळ्या निघत. टब म्हणजे मोठं काम. नवा साचा मशीनवर चढवायलाच दीड दिवस गेला. मग प्लास्टिकचे दाणे वितळवून पहिले चाळीस टब काढले, ते सगळे कडेला वाकडे निघाले आणि दळायच्या मशीनमध्ये गेले. एकेचाळिसावा मात्र असा गुळगुळीत निघाला, की फोरमनने बाळाच्या गालावरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला.

गुरुवारी दुपारी टब घेणाऱ्या कंपनीचे तपासनीस आले. कामगार त्यांना पट्टीसाहेब म्हणत. सही करायला ते पेन दुसऱ्याचं घेत, पण मोजायची पोलादी पट्टी कधी विसरत नसत. त्यांनी टब आडवा मोजला, उभा मोजला, उलटा केला आणि तळावर सही ठोकली. असा सही झालेला नमुना कारखान्यात जिवापाड जपतात, कारण पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा असतो. मालकाने तर भिंतीवर पाटीच लावली होती: ‘मंजूर नमुना फाटकाबाहेर गेला, तर नेणाराही फाटकाबाहेर.’

त्याच संध्याकाळी फोरमनची मुलगी पाच आठवड्यांची तान्ही घेऊन माहेरी आली.

“जन्मभर जगाच्या बादल्या पाडल्यात,” बायको म्हणाली. “स्वतःच्या नातीला काय पातेल्यात अंघोळ घालू?”

“अगं, माल उद्यापासून पडणार आहे. सोमवारी तपासणी झाली की एखादा डागी टब विकत आणतो.”

“म्हणजे सोमवारपर्यंत पोर पारोशी ठेवायची? आत्ता एकही नाही तुमच्याकडे?”

“एक आहे. पण तो...”

बायकोला ‘पण’च्या पुढचं ऐकू येत नसे. फोरमन परत कारखान्यात गेला, नमुना गोणपाटात गुंडाळला आणि मागच्या दाराने घरी आणला. उद्या सकाळी परत नेऊ, असं त्याने स्वतःला बजावलं. पण शुक्रवारी मशीन सुरू झालं आणि रविवारपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. घरी येई तो फक्त पाठ टेकायला.

घरात फोरमनचे वडील होते, अण्णा. हाताला काम नसलेला आणि कपाटात अवजारं असलेला म्हातारा हा कुठल्याही घराला धोकाच. सोमवारी सकाळी फोरमन टब गुंडाळायला गेला, तर तळाला एक भोक. चांगलं रुपयाएवढं, आणि त्यात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं रबरी बूच.

“हे कुणी केलं?”

“मी,” अण्णा छाती काढून म्हणाले. “सूनबाईची कंबर जात होती भरलेला टब उचलून ओतताना. लोखंडी नळीचा तुकडा तापवला आणि दाबला. बघ काठ कसा वळलाय. आहे का तुझ्या साच्यात ही कला?”

“अण्णा, माझी नोकरी गेली!”

“भोकापायी?”

“आणि मधोमध तरी पाडायचं!”

“चष्मा सापडला नाही,” अण्णा म्हणाले.

कारखान्यात आत येणाऱ्याची झडती नसते, म्हणून टब निदान ऑफिसात पोचला. फोरमनने बूच घट्ट बसवलं, टब टेबलावर सुलटा ठेवला आणि निवृत्तीला उरलेली तीन वर्षं मनात मोजली. दहा वाजता मालक आणि पट्टीसाहेब आले. साहेबांनी स्वतःची सही बघायला टब उलटा केला आणि हाताने तळ थोपटला, तसं बूच टपकन टेबलावर पडलं.

“हे काय?”

“बूच आहे, साहेब,” फोरमन म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

साहेब भोकाकडे बघत राहिले. भोकाला लागूनच त्यांची सही होती, ठळक, फाट्यासकट. आपण इतकं मोठं भोक न बघता सही केली, असं कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, पट्टी काढली आणि भोक मोजलं.

“एकवीस मिलीमीटर. मध्यापासून त्रेपन्न डावीकडे. बरोबर. आता माल दाखवा.”

बाराशे टब रचून ठेवले होते. साहेबांनी पहिला उलटा केला, दुसरा उलटा केला, दहावा उलटा केला.

“यांना भोक कुठाय?”

मालक फोरमनकडे वळला. “काय हो, भोक कुठे गेलं?”

फोरमनवर आयुष्यात बरेच आळ आले होते, पण भोक गायब केल्याचा हा पहिलाच. खरं सांगावं तर पाटीवरच्या अक्षरांप्रमाणे आपण बाहेर, न सांगावं तर माल बाहेर.

“नमुन्यासारखा माल नाही,” साहेब म्हणाले. “सगळा दळायला घाला.”

“नको, साहेब! दोन दिवस द्या, भोकं पाडून देतो!”

ड्रिल लावून बघितलं, तर पहिल्या टबाला तडा गेला आणि दुसऱ्याचा काठ असा खरबरीत निघाला, की साहेबांनी त्यावरून बोट फिरवून मान हलवली. नमुन्यासारखा वळलेला गोल काठ काही केल्या येईना. शेवटी फोरमन दुपारी घरी गेला आणि वडिलांपुढे हात जोडून उभा राहिला.

“चष्मा घालू का नको?” अण्णांनी विचारलं.

“नकोच! तिथंच आलं पाहिजे!”

अण्णा कारखान्यात आले ते नळीचा तुकडा खांद्यावर टाकून. त्यांनी खुर्ची मागितली, चहा मागितला, आणि सगळ्या कामगारांसमोर फोरमनला शिकवायला घेतलं.

“अरे गाढवा, नळी सरळ धर. बालवाडीत होतास तेव्हाही रेघ वाकडीच काढायचास.”

कामगारांनी तोंडं फिरवून हसून घेतलं. मालक बघायला आला.

“हे कोण?”

“भोकांचे कारागीर, मालक. खास बाहेरून बोलावलेत.”

“वा! कधीपासून करताय हे काम?”

“कधीपासून काय,” अण्णा खुशीत म्हणाले, “परवा घरी पहिलं पाडलं तेव्हा...”

फोरमनला एवढा मोठा खोकला आला, की मालकाने स्वतः त्याला पाणी आणून दिलं.

बुधवारी संध्याकाळी बाराशे भोकं पडली, बाराशे बुचं बसली आणि माल गेला. फोरमनला नमुना नीट न बघितल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती त्याने बक्षिसासारखी दोन्ही हातांनी घेतली.

पुढची भानगड बाजाराने केली. टब न उचलता पाणी सोडता येतं म्हटल्यावर घरोघरच्या आया आणि आज्या त्या टबांवर तुटून पडल्या. कंपनीने आणखी दहा हजार मागवले. साच्यातच भोकाची सोय झाली, मध्यापासून त्रेपन्न मिलीमीटर डावीकडे.

सहा महिन्यांनी पट्टीसाहेब आले ते मोठ्या गाडीतून. फोरमनच्या खोलीत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

“एक विचारतो. खरं सांगा. त्या गुरुवारच्या माझ्या डायरीत लिहिलंय: तळ सलग.”

फोरमनने सगळं सांगून टाकलं, नात, पातेलं, बायकोची कंबर आणि न सापडलेला चष्मा.

साहेबांनी डायरीतलं ते पान फाडलं आणि तुकडे करून खिशात घातले.

“अहो, त्या भोकापायी मला बढती मिळालीय. ‘भोक बाजूला ठेवण्यामागचा विचार’ यावर मी भाषण दिलंय. बाळाच्या पाठीला टोचू नये म्हणून, असं सांगितलं.”

“मग आता, साहेब?”

साहेबांनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला.

“पुढच्या आठवड्यात बाळाच्या जेवायच्या खुर्चीचा नमुना पडतोय. मी सही करून जातो. तुम्ही तो चार दिवस घरी न्या. फाटकावर मी सांगून ठेवतो.”

खुर्ची घरी गेली, अण्णांचं काम चार दिवसांत आटपेना म्हणून नवव्या दिवशी परत आली, आणि साहेबांनी अण्णांनी केलेला बदल बघून मान डोलावली. त्या बदलासकट नवा साचा तयार व्हायला मात्र वर्ष गेलं. अण्णांना ती खुर्ची बाजारात आलेली बघायला मिळाली नाही. नात दीड वर्षाची असताना, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी ते वारले.