चाळीस उंदरांचे दोरे

माझ्या जावयाला एक वाईट खोड आहे. तो बोलत नाही, आणि लिहूनही ठेवत नाही. दोन्हींपैकी एक तरी माणसानं करावं. लुचेझारचं सगळं डोक्यात, आणि डोकं कायम दुसरीकडे. माझी मुलगी इस्क्रा सहा वर्षं त्याच्याशी संसार करते आहे, पण त्याला मसुराचं सूप आवडतं की तो नुसतं गिळतो, हे तिला अजून ठाऊक नाही. एकदा मीच विचारलं. म्हणाला, "चालतं, आई." सूप चालतं म्हणाला की संसार, ते कळलं नाही.

हा लुचेझार आमच्या प्लॉवदिव शहरातल्या विद्यापीठात उंदीर पाळतो. डॉक्टर आहे, पण माणसांचा नव्हे. त्याच्या निम्म्या उंदरांच्या जनुकात, म्हणजे आईबापांकडून येतं त्या रक्तातच, फेरफार केलेला असतो. दारू पोटात गेली की डोक्यात आनंदाचा जो दिवा लागतो, तो या उंदरांत लागू नये अशी व्यवस्था. बाकीचे निम्मे साधे, आपल्या कोठारातल्यासारखे. प्रत्येक पिंजऱ्यावर दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेला मद्यार्क. कोण कुठल्या बाटलीकडे जातो ते बघायचं आणि रोज बाटल्या तोलायच्या. यातून पुढेमागे दारुड्यांसाठी औषध निघेल, असं म्हणतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. एकतीस वर्षं माझ्या घरात झेल्यो नावाचा नमुना होता, माझा नवरा. यकृत सडून मेला. त्याच्या बाटल्या तोलायला कोणी आलं नाही.

मी चार इयत्ता शिकले. पिंजरे धुणं आणि बाटल्यांची वजनं वहीत मांडणं एवढं मला येतं. ही नोकरी आपण मिळवून दिली असं लुचेझारला वाटतं. खरं म्हणजे तिथं दुसरं कोणी टिकत नव्हतं. उंदीर रात्रीचे जागे असतात, म्हणून त्यांच्या खोलीत दिवसा रात्र करून ठेवतात, नुसता एक तांबडा दिवा जळत असतो. सकाळी आठला अंधारात शिरायचं आणि चार वाजता डोळे चोळत बाहेर यायचं. मला जमलं. झेल्योच्या संगतीत मी त्याहून जास्त अंधार काढला होता.

यंदा मात्र गोष्ट अडली होती. राजधानीतून, सोफियाहून, तपासनीस यायचे होते, नऊ मार्चला. काम पटलं तर खोली आणखी तीन वर्षं चालणार, नाही पटलं तर बंद. बंद झाली तर लुचेझारला परदेशात, लाइपझिगला जागा तयार होती. इस्क्रानं स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली होती. आमच्या जिन्यावर नऊ घरं आहेत. त्यांतल्या पाच घरांत एकेकटी म्हातारी बसलेली असते आणि रविवारी फोन वाजायची वाट बघते. मला सहावी व्हायचं नव्हतं.

नवे चाळीस उंदीर जानेवारीत आले होते. शेपटीचं टोक कापून सोफियाला धाडलं की कोण बदललेला आणि कोण साधा ते कळतं. तसं उत्तर आलं. लुचेझारनं कागद वाचला, प्रत्येक पिंजऱ्याच्या झाकणाला एकेक दोरा बांधला, बदललेल्यांना तांबडा आणि साध्यांना पांढरा, आणि कागद कोटाच्या खिशात ठेवला. कोट इस्क्रानं धुतला, कागदासकट. दोरे आहेतच, म्हणून त्यानं दुसरा कागद मागवला नाही. दोऱ्यांचा अर्थ कोणाला सांगितलाही नाही. ती म्हणे युक्ती होती. तांबड्या दिव्याखाली तांबडा आणि पांढरा दोरा सारखाच दिसतो. म्हणजे बाटल्या तोलणाऱ्या बाईला कोण कुठला ते कळत नाही आणि तिच्या हातून पक्षपात होत नाही. तोलणारी बाई म्हणजे मी.

मग पहिला मार्च आला. त्या दिवशी आमच्याकडे तांबडा आणि पांढरा दोरा एकत्र पिळून पोरांच्या मनगटाला, कोकरांच्या गळ्यात, फळझाडांच्या फांदीला बांधायचा, म्हणजे वर्षभर दुखणं फिरकत नाही. मी सकाळी झाकणं, एरवी आत अंधारातच पुसते ती, धुवायला उजेडात नेली तर काय, प्रत्येकाला दोरा. पण कोणाला नुसता तांबडा, कोणाला नुसता पांढरा. मला वाटलं, जावयाला एवढी तरी अक्कल आली, पण मूळचा आळशी, पिळायचा कंटाळा केला आणि एकेकाला अर्धाच बांधला. अर्ध्या दोऱ्यापेक्षा न बांधलेला बरा. मार्च महिना म्हणजे आमच्याकडे एक लहरी म्हातारी; तिला चेष्टा खपत नाही, ती उलटते. आठ दिवसांवर तपासनीस आणि उंदीर माना टाकून पडले तर जबाबदार कोण?

मी सगळे दोरे सोडले. वीस तांबडे निघाले, वीस पांढरे. एकाला एक जोडून पिळले, मधून कापले, आणि टोकाला गोंडा काढून चाळीस पिंजऱ्यांना बांधले. एक सूत वाया गेलं नाही. इतकं चोख काम माझ्या हातून फार दिवसांनी झालं होतं.

तांबड्या दिव्यात लुचेझारला दोन दिवस काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सतरा नंबरचं झाकण हातात घेऊन धुण्याच्या खोलीत आला.

"आई, हे कोणी केलं?"

"मी. तुझं अर्धवट राहिलं होतं ते."

तो पालथ्या बादलीवर बसला. आणि मग सहा वर्षांत पहिल्यांदा सलग वीस वाक्यं बोलला. एकही ऐकण्यासारखं नव्हतं. दोऱ्यांचा अर्थ, कोटाची हकिगत, सोफियात महिनाभरच ठेवतात ती नक्कल, शेपट्या पुन्हा धाडून उत्तर यायला लागणारे तीन आठवडे, हातात असलेले सहा दिवस. शेवटी मान वर करून त्यानं विचारलं, कुठल्या पिंजऱ्याला कुठला दोरा होता ते मला आठवतं का.

आता, ही नेडा काही विसरत नाही हे आमच्या बाजारात कोणालाही विचारा. माझ्या नणंदेच्या लग्नात कोणी किती घास खाल्ले ते मी आज सांगेन. शिवाय डोळ्यांपुढे फ्रिजवरच्या चिठ्ठ्या होत्या.

"आठवतं की," मी म्हणाले.

आठवत नव्हतं. दोरे मी ओंजळीत गोळा केले होते, जसे हाताला आले तसे. पण कागद हवा होता, तो मी दिला. दोन दिवस एकेका पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसले. पिणारा मला दुरून ओळखू येतो, मग तो चार पायांचा का असेना. तो आधी पाण्याच्या बाटलीशी जातो, चारचौघांना दिसावं म्हणून. एक थेंब घेतो. मग जणू सहजच फिरत फिरत पलीकडे पोचतो. तिथून परतताना भिंतीला धरून चालतो आणि शेजाऱ्याकडे बघत नाही. असे वीस सापडले, ते मी पांढऱ्यात घातले. ज्यांच्या डोक्यात दिवाच लागत नाही ते कशाला पितील? उरलेले वीस तांबडे.

लुचेझारनं माझा कागद वजनांच्या वहीशी ताडून पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून ताडला. सगळे तांबडे निर्व्यसनी, सगळे पांढरे दारुडे, एकही इकडचा तिकडे नाही. घरी आला, सूप दोनदा घेतलं आणि म्हणाला, छान झालंय. इस्क्रानं फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढल्या. दोन दिवस मी जिन्यावरून उतरताना पाच म्हाताऱ्यांच्या दारांकडे पाहिलंही नाही.

नऊ तारखेला सकाळी तपासनीस यायच्या आधी तो माझ्याजवळ आला. एकतीस नंबरचा उंदीर जानेवारीत त्याला चावला होता. तेवढा एक दोरा त्याला आठवत होता, कारण पांढऱ्यावर रक्ताचा डाग पडला होता. मी त्या उंदराला तांबड्यात लिहिलं होतं.

"तुझ्या रक्तानंच तांबडा दिसला असेल," मी म्हणाले.

तो नुसता उभा राहिला. माणूस बोलत नसला की समोरच्याला बोलावं लागतं, ही एक त्याची लबाडीच आहे. मी सांगून टाकलं. न पिणारा तांबडा, पिणारा पांढरा, यात चुकलं कुठं?

"आई, मग मी सिद्ध काय केलं?"

"तू इथंच राहतोस, हे."

मला कळत नव्हतं असं नाही. गावातल्या विधवा एका बाजूला काढायच्या आणि मग जाहीर करायचं की या बाजूच्या एकीलाही नवरा नाही, तसला तो प्रकार होता. पण त्या शोधावर तीन वर्षं मिळत होती. मी त्याला म्हटलं, "तू फक्त गप्प बस. त्याची तुला सवय आहे."

तिघं तपासनीस आले. मुख्य होत्या कांचेवाबाई, साठीच्या, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांच्याही मनगटाला दोरा होता. त्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या की एवढा स्वच्छ निकाल त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नाही. मी दाराशी बादली घेऊन उभी होते. लुचेझारनं आभार मानायचे आणि तोंड मिटायचं, एवढंच काम होतं.

त्यानं तोंड उघडलं. कोट सांगितला, दोरे सांगितले, मला सांगितलं, झेल्योसुद्धा सोडला नाही. सहा वर्षांचं साठलेलं सगळं त्या दिवशी त्या बाईंच्या पुढ्यात ओतलं. कांचेवाबाई माझ्याकडे वळल्या आणि मी पिणारे कसे ओळखले ते त्यांनी विचारलं. मी भिंतीला धरून चालण्याचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "नजर चांगली आहे बाई तुमची. पण आम्ही उंदरांना विचारलं होतं, तुम्हाला नाही."

शेपटीची टोकं पुन्हा सोफियाला गेली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि या वेळी लुचेझारनं त्याच्या दोन नकला काढल्या. माझ्या चाळीसपैकी वीस बरोबर होते. डोळे मिटून वाटले असते तरी तेवढेच आले असते. मला फार लागलं ते. मी म्हटलं कागद खोटा आहे, ते वीस दारुडेच होते, मी शपथेवर सांगेन.

"दारुडेच होते, आई," लुचेझार म्हणाला. "तुमचा एकही चुकला नाही. त्यातले निम्मे बदललेले होते, एवढंच. दिवा लागत नाही, तरी पितात."

दोन वर्षांचं काम त्या एका वाक्यात संपलं. शेवटची दहा वर्षं झेल्योच्या डोक्यातही कुठला दिवा लागत नव्हता. आनंद म्हणून त्याच्या तोंडावर कधी दिसला नाही, तरी तो पीतच राहिला. मला आधी विचारलं असतं तर चाळीस उंदीर वाचले असते.

खोली मे महिन्यात बंद झाली. उंदरांचं काय केलं ते मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. इस्क्रा आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस कपड्यांच्या घड्या घालताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि पुन्हा घड्या घालू लागली. लाइपझिगची बस भर दुपारी सुटते. ती खिडकीची जागा धरायला आत गेली. लुचेझार खोकी चढवून घाम पुसत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझ्यामुळे झालं हे, आई," तो म्हणाला.

"हो, तुझ्यामुळेच," मी म्हणाले. "तू मूर्ख आहेस, लुचेझार. झेल्यो हुशार होता, एकतीस वर्षांत त्यानं मला एकदाही खरं सांगितलं नाही. मीही तुला खोटाच कागद दिला. जा, माझ्या पोरीला घेऊन जा."