सुलूबाईंच्या टाचेची कैफियत

वाचणारांचे सेवेसी अदबीने रुजू ऐसे जे, रणे बहुत जाहली आणि त्यांच्या बखरीही बहुत जाहल्या. परंतु वाणगाव मुक्कामी एका टाचेवरोन एकेचाळीस वर्षे जे युद्ध चालिले, ज्यात एकही माणूस पडला नाही आणि एकही तह टिकला नाही, त्याची हकीकत आजवर कोणी लिहिली नव्हती. ते युद्ध शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, माघ शुद्ध सप्तमी, रविवारी बोईसरच्या मैदानी निकालात निघाले, म्हणोन येणेप्रमाणे लिहिले असे.

मूळ कारण ऐसे. कबड्डीचे पंच, शिट्टीबहाद्दर, रेषाधिपती राजश्री आत्मारामराव हे वय वर्षे पंचवीस असता वाणगावच्या मैदानावर महिलांच्या अखेरच्या सामन्यास उभे राहिले. दोन प्रहरी त्यांनी स्वहस्ते मैदानास पाणी मारिले आणि सुतळी ताणिली आणि चुन्याच्या रेषा ओढिल्या, आणि रेषेबाहेर पाण्याचा एक थेंब सांडू दिला नाही, ऐशी त्यांची शिस्त. एकीकडे सातपाटीची फौज, तिच्या सरलष्कर नवसीबाई. दुसरीकडे तारापूरची फौज, आणि तीत वीस वर्षांच्या सुलूबाई, ज्या चढाईस गेल्या तर मोकळ्या हाती परतत नसत. गुण बरोबरीत आले, एकच चढाई उरली. सुलूबाई दम धरोन शत्रूचे मुलखात शिरल्या आणि दोघींस शिवल्या आणि रेषेच्या कडेकडेने निसटल्या, आणि मध्यरेषा ओलांडोन हात वर करिताती तो शिट्टी वाजली. टाच रेषेबाहेर टेकली, सबब चढाई बाद, ऐसा हुकूम सुटला. ढाल सातपाटीस गेली.

मग वैशाखात त्याच पंचांचे स्थळ सुलूबाईंस सांगोन आले. वडिलांनी विचारिले, तेव्हा त्या बोलिल्या की, ह्या माणसाशी जन्मभर भांडता येईल, होय म्हणा. मग लग्न जाहले आणि मिरचीची वाडी आली आणि लेकरे आली, आणि मैदान सुटले ते सुटलेच. तो सामना अखेरचा ठरला. मैदानाने त्यांसी उद्देशोन जो शेवटला शब्द काढिला तो 'बाद', आणि तो काळजात मूळ धरोन बसला. त्यावर खतपाणी घालावयास नवसीबाई दर बुधवारी मासळीची पाटी घेऊन दारी हजर.

"सुले, बोंबील घे, पानी पन सुटला नाय आजून. आनी टाच संबाल. उंबऱ्याभायेर जाते हाय."

"तू ढाल संबाल."

"ती संबाललीय की. तांदलाच्या पिंपावर झाकान बसलाय असा, उंदीर नाय शिरत."

ऐसे बोलोन दोघी हसत आणि बोंबील घेतले जात आणि जखम ओली राहात असे.

ऐसे असता, क्रीडामंडळाचे कारभारी चंद्रभानराव हे खलिता घेऊन वाड्यावरी नव्हे, दोन खोल्यांच्या घरी दाखल जाहले. मजकूर की, आत्मारामरावांनी सारी हयात कबड्डीस दिधली, सबब जीवनगौरव पुरस्कार; सत्कार सपत्नीक व्हावा; पत्रिका छापोन झाल्या. सोबत मानपत्राचा मसुदा होता, तो सुलूबाईंनी चष्मा लावोन वाचिला. तिसरे ओळीस लिहिले होते की, प्रदीर्घ कारकीर्दीत ज्यांचा एकही निर्णय चुकला नाही. सुलूबाईंच्या हाती पोह्यांची बशी होती, ती त्यांनी चंद्रभानरावांचे पुढ्यातोन माघारी घेतली.

"हे खोडा. एक चुकलाय."

"कुठचा, काकी?"

"तुमच्यासमोर पोहे घेऊन उभा हाय तो."

आणि फर्मान सुटले की, निकाल फिरेतो आम्ही मंचावरी बसणार नाही. चंद्रभानराव हवालदिल जाहले, कारण मंचावर बाईंच्या नावाची खुर्ची, बाईंच्या ओटीचे साहित्य, आणि छापील पत्रिकेत 'सपत्नीक'. आत्मारामराव ओटीवर सुतळी गुंडाळीत बसले होते. त्यांनी मान वर न करिता येवढेच फर्माविले की, शिट्टी वाजली ती वाजली.

मग सुलूबाईंनी रसद तोडिली. आठ दिवस दोन्ही वेळ दुधी. दुधीची भाजी, दुधीची डाळ, दुधीचे थालीपीठ. आणि नवसीबाईंची पाटी दारावरोन भरली परत जाऊ लागली, येणेकरोन सातपाटीतही चिंता उत्पन्न जाहली. आत्मारामरावांनी हूं की चूं न करिता दुधी भक्षिला. दोन्ही पक्षी बोलणे बंद, सबब सून स्नेहल हीस वकिली प्राप्त जाहली. ती सहा महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन स्वयंपाकघर ते ओटी आणि ओटी ते स्वयंपाकघर ऐसे निरोप वाहू लागली. आणि बाळ हे वकिलातीचे निशाण म्हणोन पुढे फडकत असे.

आठवे दिवशी वकील थकले. स्नेहल चुलीपाशी येऊन बाळ मांडीवर टाकोन बोलिली, "आई, एका गुणाचं काय एवढं?"

सुलूबाई दुधी किशीत होत्या, त्यांचा हात थांबला. "गुनाचा नाय गं. बाळासाठी तू कंपनीतली नोकरी सोडलीस, शेवटच्या दिवशी तुला काय केलं त्यांनी?"

"केक कापला. मॅडम रडल्या. ये परत म्हणाल्या."

"माला शिट्टी मारली," सुलूबाई बोलिल्या, आणि पुन्हा किसू लागल्या.

स्नेहलने बाळाचे टाळूवर हात ठेविला. मग बाहेर ओटीवर काही पडल्याचा आवाज जाहला. पाहतात तो सुतळीचा गुंडा अंगणात घरंगळत मिरच्यांच्या वाळवणापर्यंत गेला होता, आणि आत्मारामराव तो उचलावयास उठत नव्हते.

रविवारी तिसरे प्रहरी बोईसरच्या मैदानी मोठा दरबार भरला. मंडप, कनाती, भोंगे, मान्यवर, आणि मान्यवरांची भाषणे, ज्यांस दम मोजण्याचा नियम लागू नाही. आत्मारामराव मंचावरी अनवाणी बसले, कारण मैदानात पायताण घालणे त्यांसी ठाऊक नाही. शेजारील खुर्ची रिकामी. सुलूबाई आल्या होत्या, परंतु अखेरचे रांगेत, नवसीबाईंच्या बाजूस.

"जा की वर," नवसीबाई बोलिल्या. "खुर्ची बग, उनात तापते हाय."

"तापू दे."

चंद्रभानरावांनी मानपत्र वाचिले. 'एकही निर्णय चुकला नाही' येथे टाळ्यांचा गजर जाहला. मग शाल पांघरावयास मान्यवर पुढे सरसावले, तो आत्मारामरावांनी सदऱ्याचे खिशातोन शिट्टी काढिली आणि वाजविली. ती ऐकोन सारा मंडप होता तेथेच खिळला. मागे मैदानाकडेस खेळणारी पोरे देखील उभी राहिली.

"मानपत्रात चूक हाय," ते ध्वनिक्षेपकापासोन दूर उभे राहोन बोलिले, परंतु तो आवाज चाळीस वर्षे भोंग्यावाचोन चालिला होता. "वाणगावचा सामना. शेवटची चढाई. तारापूरची सुलू नाबाद. तारापूरला दोन गुन. सामना तारापूरचा."

आणि दोन बोटे वर करोन तैसेच उभे राहिले.

सभेत कुजबूज उठली. चंद्रभानराव मानपत्राकडे पाहात राहिले, की तिसऱ्या ओळीचे आता काय करावे. इतक्यात नवसीबाई पदर खोचोन उभ्या राहिल्या. सातपाटीची ढाल जात होती, आणि त्या गप्प राहतील ऐसे कोणास वाटले नाही.

"येवड्या वर्सांनी? ह्या कंच्या नियमात बसते?"

मग त्यांनी शेजारी पाहिले. सुलूबाईंचा पदर तोंडास लागलेला आणि खांदे हलत होते. नवसीबाईंनी खोचलेला पदर सोडिला.

"बरा, घ्या ढाल," त्या बोलिल्या. "पन पिंपाला झाकान तूच आनून द्यायचा, सुले. जा आता, नायतर खुर्ची मी घेते."

मग सुलूबाई उठल्या, मंचाच्या पायरीशी चपला काढिल्या, आणि मैदानावरोन सुटलेले पाऊल एकेचाळीस वर्षांनी पुन्हा उचलिले. सत्कार सपत्नीक जाहला. शाल, श्रीफळ, ओटी, छायाचित्र. पत्रिकेची अब्रू राहिली. मोहीम फत्ते.

परतताना रिक्षात स्नेहल बाळास घेऊन कडेस बसली होती आणि दोघेही निजली ऐसा समज होता. बाळाविषयी तो खरा होता. रिक्षा वाणगावच्या रस्त्यास लागली, तेव्हा सुलूबाई बाहेर पाहात हळूच बोलिल्या.

"रेषेभायेरची माती गरम लागली व्हती टाचेला."

आत्मारामराव शालीची घडी सारखी करीत होते.

"लागनारच," ते बोलिले. "पानी मीच मारलेलं, रेषेच्या आतच."

घर जवळ येता सुलूबाईंनी विचारिले की, उद्या बोंबील करू की मांदेली, आणि त्याचाही निकाल त्यांनीच लाविला.

आता दफ्तरी काय लिहावे, हा पेच पडला. परंतु कबड्डीत पंचांचा निर्णय अखेरचा, त्यावरी दाद नाही. सबब मानपत्राची तिसरी ओळ खोडिली नाही, ती त्या रविवारी मंचावरी शिट्टी वाजेतो खरीच होती. आणि तिच्याखाली नोंद केली ती ऐशी की, सुलूबाई, तारापूर, नाबाद.