सॉरी चालणार नाही

हडपसरच्या आमच्या शाळेत दामलेबाईंच्या वर्गात, म्हणजे पाचवी ब मध्ये, सॉरी म्हणायला बंदी आहे. कोणी म्हणालंच, तर बाई चष्म्यावरून बघतात. "ते राहू दे. काय केलंस ते सांग."

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. एकदा चुकून त्यांच्या पायावर पाय दिला आणि सवयीने सॉरी म्हणाले.

"काय केलंत?"

"पायावर पाय दिला."

"कोणत्या?"

"डाव्या."

"हं. आता दुखायचं कमी होईल."

शुक्रवारी शेवटचा तास त्यांचा भांडणाचा. फळ्यापुढे समोरासमोर दोन खुर्च्या. त्या आठवड्यात भांडलेल्या दोघांनी तिथे बसायचं. आधी समोरच्याची बाजू सांगायची आणि तो "हो, असंच" म्हणेपर्यंत उठायचं नाही. एका गुलाबजामावरून दोन मुली शाळा सुटल्यावरही बसून होत्या. रिक्षावाले काका खिडकीतून घड्याळ दाखवून थकले.

यंदा शाळेत भावनांची कार्डं आली. हसरा चेहरा, रडका चेहरा. मुख्याध्यापक पाटीलसर म्हणाले, "बाई, भांडणं बंद. मुलांनी एक चेहरा उचलायचा आणि फळ्यावर लावायचा. पुढच्या शुक्रवारपासून तो तास कार्डांचा."

"आणि ज्याला मारलं, त्याने तो चेहरा बघत बसायचं?"

"पालकांच्या तक्रारी आहेत. मुलं घरी आईबापांना समोरासमोर बसवतात."

"बसतात का?"

"तो प्रश्न नाही, बाई."

"तोच आहे. एकदा तास बघा आणि मग खुशाल बंद करा."

त्या शुक्रवारी सर शेवटच्या बाकावर येऊन बसले. मीही गेले. मला गंमत बघायची होती, खोटं कशाला बोलू. नेमकं त्या आठवड्यात वर्गात कोणीच भांडलं नव्हतं. खुर्च्या रिकाम्या. सर कार्डांचा गठ्ठा पिसू लागले. तेवढ्यात सानिका नावाची मुलगी उठली.

"बाई, तुमचं कोणाशी भांडण आहे?"

"आहे. धाकट्या बहिणीशी. कात्रजला असते. सहा वर्षं बोलणं नाही."

"मग बसा."

बाई रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या आणि बहिणीच्या वतीने बोलू लागल्या. "आईच्या आजारपणात अंघोळ, औषधं, जागरणं, सगळं मी केलं. ताई रविवारी सफरचंदं घेऊन यायची, तासभर बसायची आणि माझ्या चुका काढून जायची. आई गेल्यावर लोकांनी ताईचंच सांत्वन केलं. तिने ते घेतलं."

समोरून "हो, असंच" म्हणायला कोणी नव्हतं. घंटा झाली. बाई उठल्या नाहीत, म्हणून मुलंही उठली नाहीत. शेवटी पाटीलसर पुढे आले. "उठा बाई. तास तुमचाच राहू दे."

"तिने अजून हो म्हटलेलं नाही, सर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "स्कूटरवरून कात्रजला सोडता का? सॉरीबिरी म्हणायला जात नाहीये मी."

बहिणीने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. बाईंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता.

"सफरचंदं नव्हती," बहीण म्हणाली. "चिकू असायचे. तेही कच्चे."

"बरं, चिकू. बाकी?"

तिने दारावरचा हात काढला. "बाकी असंच."

बाईंनी चष्मा काढून पुसला. आवाज मात्र वर्गातलाच होता. "आता माझी बाजू तू सांगायची. तसा नियम आहे."

"ती मला पाठ आहे, ताई," बहीण म्हणाली. "आत ये आधी."