सोडल्या तर चालतील

तिसरी 'ब'ला सलग पस्तीस मिनिटं गप्प बसवणारा माणूस अख्ख्या नेरुळात एकच आहे, आणि तो म्हणजे मी. कुलदीप सर, चित्रकला. फुशारकी मारत नाही, गणिताच्या गीतांजलीबाईंना विचारा. त्या वर्गातून बाहेर आल्या की आधी पाणी मागतात आणि मग बोलतात. माझं तसं नाही. पोरांच्या हातात पेन्सिल दिली की ती गार होतात. माझा धाकच तसा आहे, असं मी सोमवारपर्यंत समजत होतो.

सोमवारी मुख्याध्यापिका मंजुषा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, टेन्शन घेऊ नका," त्या म्हणाल्या. म्हणजे घ्यायची वेळ आली. "ट्रस्टी इंद्रजितसाहेब बुधवारी तुमचा तास बघायला येतायत. चित्रकलेच्या जागी अबॅकस सुरू करावा असं त्यांच्या डोक्यात आहे."

"आणि मग मी?"

"तुम्हाला पीटी देऊ की."

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं, मीही बघितलं. पण खरं सांगू का, पीटीचं मला काही नाही. बुधवारचा तो एक तास गेला असता तर माझ्या आठवड्यात राम उरला नसता. ही पोरं वांगं निळं का रंगवतात हे ऐकायला मिळणं, यासाठी मी कोरेगाव सोडून इथं आलोय. म्हटलं, असा तास घेतो, असा घेतो की साहेब अबॅकसचे मणी ओवून जप करत बसतील!

ठरलं, स्थिरचित्र. टेबलावर वस्तू मांडायच्या, बघायच्या आणि दिसतात तशा काढायच्या. मंगळवारी पोरांना दोन नियम घोकून घोकून पाठ करायला लावले. एक, जे हलत नाही तेच काढायचं. दोन, काढताना तोंडातून शब्द काढायचा नाही. डायरीत लिहून दिलं, 'घरातली हलत नाही अशी एक वस्तू आणावी.'

लगेच शिवतेजचा हात वर. याचे आजोबा बाबासो मार्केटात पोती उचलून उचलून आता रिटायर झालेले.

"सर, आजोबा सोफ्यावरून हलत नाहीत. आणू?"

"नको. कांदा आण."

बुधवारी पोरांनी तांब्या आणला, वांगी आणली, इस्त्री आणली. शिवतेजनं कांदाच आणला, पण मुकाट्यानं आणला असेल तर शपथ. आणि सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या मनस्वीनं एक ओली पिशवी टेबलावर पालथी केली. आत सात खेकडे, चांगले तळहाताएवढे, सुतळीनं करकचून बांधलेले. मी दोन पावलं मागं सरलो. लहानपणी ओढ्यात एका खेकड्यानं माझा अंगठा धरला होता, तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

"हे काय गं?"

"चिंबोऱ्या हायेत सर. आजीनं दिल्यान. बांधलेल्या हायेत, हलनार नायत. पन बारा वाजता परत दे बोल्ली, गिराइकाच्या हायेत."

तिची पुतळाआजी मासळी बाजारात बसते. मी जरा लांबून निरखलं. एकही हलत नव्हता. म्हटलं, बाजारातला माल म्हणजे मेलेलाच असणार. आणि खरं सांगतो, पिवळ्या कापडावर, तांब्याशेजारी ते काळेनिळे खेकडे असे काही खुलून दिसत होते की माझ्यातला कलावंत जागा झाला. फक्त त्या सुतळ्या. शोभेत घाण नुसती.

साहेब यायला पाच मिनिटं होती.

"मनस्वी, या दोऱ्या सोडल्या तर चालेल ना?"

तिनं जरा विचार केला. "सोडल्या तर चालतील, सर."

"मग सोड."

"सगल्यांच्या? लगेच चालतील."

'चालेल' नाही, 'चालतील'. तिसरीतल्या पोरीचं व्याकरण म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिनं सराईत हातानं सातही सुतळ्या सोडल्या आणि शहाण्या मुलीसारखी जागेवर जाऊन बसली.

व्याकरण बरोबर होतं.

आधी एक नांगी उघडली. मग एक खेकडा तांब्याला वळसा घालून टेबलाच्या कडेला आला आणि टप्पकन खाली पडला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. सातही जण शाळा सुटल्यासारखे उतरले आणि चहूकडे पांगले. अडतीस पोरांनी आनंदानं पाय बाकावर घेतले. एकही पोर ओरडलं नाही, नियम दोन. ओरडलो मी. आणि पुढं काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण भानावर आलो तेव्हा मी टेबलावर उभा होतो. एक हात वर, एका हातात वांगं.

नेमकं त्याच वेळी दार उघडलं.

मंजुषा मॅडमचं तोंड उघडं राहिलं. इंद्रजितसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काय आहे?"

"मॉडेल!" माझ्या तोंडून निघून गेलं. "साहेब, आज मीच मॉडेल आहे. तांब्या-वांगी सगळेच काढतात. पोरांनो, करा सुरुवात. लक्षात आहे ना, जे हलत नाही तेच काढायचं."

अडतीस माना खाली गेल्या आणि पेन्सिली सुरू झाल्या. साहेब मागच्या खुर्चीत बसले, शेजारी मॅडम. आता मला हलायची सोय नव्हती. हललो तर खोटं उघडं पडणार आणि उतरलो तर अंगठा जाणार. मी नजर पंख्यावर लावली आणि मनातल्या मनात आमच्या भैरोबाला नारळ बोललो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हाताला मुंग्या आल्या. खाली कपाटामागं खरखर ऐकू येत होती. पोरं मात्र माझ्याकडे बघायची, काढायची, परत बघायची. एवढं लक्ष त्यांनी जन्मात दिलं नव्हतं. साहेब मॅडमना हळूच म्हणाले, "शिस्त आहे हो." माझी छाती टेबलावरच फुगली.

तेवढ्यात दारात पुतळाआजी. कमरेला पदर खोचलेला.

"मनस्वी गो, बारा वाजलं. माज्या चिंबोऱ्या कुठं हायेत?"

मनस्वीनं नियम पाळून नुसतं बोट खाली केलं.

"कसल्या चिंबोऱ्या?" असं मंजुषा मॅडम म्हणेपर्यंत आजीनं त्यांच्या खुर्चीखाली हात घालून एक बाहेर काढली होती. मॅडम खुर्चीवर चढल्या. आता शाळेतली दोन जबाबदार माणसं उंचावर होती. आजीनं दुसरी कपाटामागून ओढली, तिसरी केराच्या डब्याआडून. मिनिटाभरात सहा चिंबोऱ्या पिशवीत.

"सा झाल्या. सातवी कुठं हाय?"

मी पंख्याकडेच बघत होतो. आता बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं. खोटं उघडं पडलं, अबॅकस आला, मी उद्यापासून शिट्टी फुंकणार.

साहेब उठले आणि बाकांमधून फिरत एकेकाचं चित्र बघू लागले. पहिलं बघितलं. दुसरं बघितलं. तिसऱ्यापाशी थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत चित्राकडे.

"सर, सगळ्यांनी तुमच्या डाव्या पायापाशी हे काळं काळं काय काढलंय?"

"पायापाशी? नाही हो, काही नाही. पोरांची कल्पनाशक्ती."

साहेबांनी कागद वर धरला. मी, माझं पोट, वांगं. आणि पँटच्या डाव्या पायाच्या शिवणीला लोंबकळणारी, दोन नांग्या, आठ पाय, सगळं मोजून काढलेली सातवी.

मी सावकाश खाली बघितलं.

तिथं माझं स्थिरचित्र संपलं. मी टेबलावरून थेट शिवतेजच्या बाकावर पोचलो, असं नंतर सांगतात. पँटची शिवण टेबलावरच राहिली, तिला धरून सातवी. आजीनं ती अलगद उचलली आणि म्हणाली, "मास्तर, ती पँटीच्या कापराला धरून होती. तुमाला काय करनार, तीच घाबरलेली."

मी पँट धरून उठलो. "अरे, एवढा वेळ बघताय, कुणीतरी सांगायचं ना!"

"काढताना बोलायचं नाही," शिवतेज म्हणाला.

साहेब तसेच निघून गेले. मी दोन दिवस शिट्टीच्या स्वप्नात काढले. शुक्रवारी मॅडमनी शेऱ्याचं रजिस्टर पुढं सरकवलं आणि खिडकीबाहेर तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. मी वाचलं:

'मुलांचे निरीक्षण उत्कृष्ट. चित्रकलेचा तास चालू ठेवावा. शिक्षकांचे निरीक्षण कच्चे आहे. त्यांनाही त्या तासाला मुलांबरोबर बसवावे.'

बसतोय. तिसऱ्या बाकावर, मनस्वीच्या शेजारी. पाय वर घेऊन.