नारळबेटावर केव्हा जावे?

एका जंगलात (चुळबुळ नको मुलांनो, गोष्ट लहान आहे) साळिंदराचे एक जोडपे राहत होते. बाईंचे नाव वेणूताई. यजमानांचे नाव त्र्यंबकराव. त्र्यंबकराव फार अभ्यासू होते. अभ्यासू म्हणजे काय? एखादी गोष्ट करायची सोडून जो तिच्याबद्दल वही भरतो, त्याला अभ्यासू म्हणतात.

वेणूताईंना एकच बहीण, गोदाक्का. तिला दूर समुद्रातल्या नारळबेटावर दिली होती. तिच्या लग्नानंतर दोघींची गाठ पडली नव्हती. एके दिवशी कुरव पक्षी उडत उडत तिचा निरोप घेऊन आला.

"वेणू, माझी नजर चाललीय. पार दिसेनासं व्हायच्या आत एकदा तुझं तोंड बघू दे."

वेणूताई पोटभर रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी अक्कासाठी बेसनाचे लाडू वळले आणि म्हणाल्या, "अहो, उद्याच निघू या."

"उद्या?" त्र्यंबकरावांचे काटे उभे राहिले. "अगं, बेट आहे ते! असं उठून जातात होय? सीझन बघावा लागतो."

"बहिणीला भेटायला कसला आलाय सीझन?"

"तुला नाही कळायचं ते," असे म्हणून त्र्यंबकरावांनी नवी वही काढली.

वहीत त्यांनी लिहिले, की उन्हाळ्यात तिथे उकडते. पावसाळ्यात भिजायला होते. हिवाळ्यात छान असते, म्हणून तेव्हा सगळे जातात. आणि सगळे जातात तेव्हा आपण जाऊ नये. असे लिहिता लिहिता लाडू संपले. कोणी संपवले ते विचारू नका.

वर्ष गेले. कुरव पुन्हा आला. "डावा डोळा गेला गं. उजव्याला थोडं दिसतंय, तेवढ्यात ये."

वेणूताईंनी त्या दिवशी चूलच पेटवली नाही. तेव्हा कुठे त्र्यंबकराव हलले. ते म्हणाले, "आता हा प्रश्न घरगुती राहिला नाही. परिसंवाद घ्यावा लागेल."

त्या जंगलात कुठलीही गोष्ट ठरत नसली की परिसंवाद घेत. परिसंवादानंतरही ती ठरत नसे, पण सगळ्यांना शाल आणि नारळ मिळे.

तीन दिवसांचा परिसंवाद झाला. अध्यक्ष होते श्रीमान गेंडा. ते जन्मात आपल्या चिखलाबाहेर गेले नव्हते, म्हणून त्यांचे मत निःपक्षपाती समजले जाई. मोर म्हणाला पावसाळा, कारण पावसाळ्यात तो स्वतः सुंदर दिसतो. सरडा म्हणाला उन्हाळा. अस्वल तिन्ही दिवस व्यासपीठावर झोपले होते. नाव पुकारल्यावर ते उठले, 'माझ्या आधीच्या वक्त्यांशी मी पूर्ण सहमत आहे' म्हणाले आणि पुन्हा झोपले. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

वेणूताई मांडवाच्या मागे दोनशे जणांचे पोहे परतत होत्या. त्यांनी तिथूनच हात वर केला.

"इथल्या कोणी ते बेट पाहिलंय का हो?"

गेंडा खाकरला. "ताईंचा प्रश्न चांगला आहे," तो म्हणाला, "पण विषयाला धरून नाही."

शेवटी ठराव वाचला गेला. "सर्व बाजूंचा साकल्याने विचार करता, नारळबेटावर जाण्यासाठी सर्वोत्तम काळ म्हणजे मागचा पंधरवडा. तो हुकल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा विचार व्हावा."

"ऐकलंस का?" त्र्यंबकराव आनंदाने धावत मागे आले. "एकमताने झालं गं! एकमताने!"

पुढच्या वर्षी? अक्काचा उजवा डोळा काय यांचा ठराव ऐकून थांबणार होता? वेणूताईंना असा संताप आला, की अध्यक्षांना एक काटा खुपसावा असे वाटले. पण काटा वाया गेला असता.

तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झाले. आभारप्रदर्शन तुम्हाला माहीतच आहे. मांडववाल्यापासून सुरुवात होते आणि शेवट कोणीच पाहिलेला नसतो. वेणूताईंनी उलथने खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि त्या तडक किनाऱ्यावर गेल्या.

समुद्र खवळला होता. पाऊस धो धो कोसळत होता. रखमाजी कासव बेटाकडे निघाले होते.

"रखमाजी, नारळबेटावर जायला हे दिवस बरे आहेत का हो?"

"काय की बाई. मी रोजच जातो."

"भिजायला होईल?"

"होईल की."

"मळमळेल?"

"सगळ्यांनाच मळमळतं. पाठीवर तेवढं नका करू, बाजूला वाका. बसा."

वाटेत वेणूताई चारदा ओकल्या, दोनदा रडल्या आणि एकदा त्यांनी रखमाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रखमाजीने ते मनावर घेतले नाही.

बेटावर गुडघाभर चिखल होता. गोदाक्काचे घर गळत होते. दारात बसलेली गोदाक्का चाहूल लागताच उठली, चाचपडत पुढे आली आणि तिने वेणूताईंच्या नाकाला नाक लावून उजवा डोळा बारीक केला. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. वेणूताईंचा जीव नुसता टांगणीला लागला.

"अगं बाई!" गोदाक्का ओरडली. "वेणे, केवढी जाडी झालीस गं!"

इतके गोड वेणूताईंशी आजवर कोणी बोलले नव्हते. दिसत होते! अक्काला अजून दिसत होते! त्यांनी भोकाड पसरले आणि अक्काला मिठी मारली. आता साळिंदरांची मिठी ती, टोचायचे तेवढे टोचले. पण सोडले कोणीच नाही.

दोन महिन्यांनी उजवा डोळाही गेला. पण तोवर गोदाक्काचे बहिणीला बघून झाले होते, नावे ठेवून झाली होती, आणि वेणूताई तिचा हात धरून तिथेच राहिल्या.

इकडे त्र्यंबकराव 'बेटावर केव्हा जावे' या विषयावर गावोगाव व्याख्याने देऊ लागले. घरात शाली मावेनात, आणि पोहे मात्र कोणी करून घालेना. मग एके दिवशी त्यांनी कुरवाला बेटावर पाठवले. "तिला म्हणावं, मी येतोच आहे. तिथला अनुभव असलेलं माणूस म्हणून तुझं मत हवंय. कधी येऊ? कोणता महिना चांगला?"

वेणूताईंनी खोबऱ्याचा तुकडा चावत नीट विचार केला.

"सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "इथे बाराही महिने चांगले असतात. त्यामुळे तुमचं कठीण आहे."

तात्पर्य: प्रवासाला निघण्यापूर्वी नवऱ्याने सखोल अभ्यास करावा. तो अभ्यासाला बसला, की बायकोला निघता येते.