ढवळे गुरुजींचं पाहणी पथक

ढवळे गुरुजी कुणाच्याही घरी गेले की आधी विहीर बघत. माणसांची पाळी नंतर. सदऱ्याच्या उजव्या खिशात सुताची दोरी असे. हातहातावर गाठ मारलेली, टोकाला शिशाचा गोळा. काठावर वाकून ते दोरी तळापर्यंत सोडत, वर ओढून ओल्या गाठी मोजत आणि मगच पायरी चढत. यजमान तांब्या घेऊन ताटकळलेला. तांब्या हातात घेता घेता गुरुजी निकाल सांगत, "साडेतीन हात. होळीपातुर पुरंल."

माझ्या पुतणीला राहात्याकडचं स्थळ आलं, तेव्हा मी त्यांना बरोबर नेलं होतं. चार लोकांत शिकलेला माणूस असावा एवढाच हेतू. आम्ही बैठकीत मुलाचं शिक्षण, शेती, भाऊ किती, बहिणी किती असं विचारत होतो. गुरुजी परसात. परत आले ते दोरी पिळत, आणि मुलाच्या बापासमोरच मला म्हणाले, "पोरगं जरा बावळट हाय. पर विहिरीला अकरा हात पानी हाय. देऊन टाका पोरगी."

दिली. आज चार वर्षं झाली, पुतणीची तक्रार नाही. मुलगा बावळट आहे हेही खरं निघालं.

गुरुजी आमचे शेजारी. मधली भिंत सामाईक, त्यामुळे अकरा वर्षांत त्यांच्या खोलीतला प्रत्येक आवाज मला पाठ झालेला. पहाटे पाचला स्टोव्ह, साडेपाचला खोकला, सहाला पिठलं. मी पंचायतीच्या कचेरीत शिक्षणाच्या टेबलावर कारकून. ते गावच्या शाळेत सातवीचे शिक्षक. वर्गात ते शुद्ध बोलत. फाटकाबाहेर पाऊल पडलं की "हाय" आणि "न्हाई" सुरू.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोळ्यानं का कानानं?" कुणीही काहीही सांगितलं की हा प्रश्न यायचाच. मुलगा म्हणाला, गुरुजी, माळावर कोल्हा आलाय, तर "डोळ्यानं का कानानं?" एकदा आमची मंडळी म्हणाली, "डाळ महागली म्हणे." भिंतीपलीकडून प्रश्न आला, "वहिनी, डोळ्यानं का कानानं?" मंडळींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सहाव्या दिवशी पुन्हा सुरू केलं, कारण मधल्या पाच दिवसांत ते टाकलेलं आहे हे गुरुजींच्या लक्षातच आलं नव्हतं.

तर बहात्तर साली पाऊस गेला. आमच्या शाळेमागून लेंडी ओढा वाहतो, म्हणजे वाहायचा. त्या दिवाळीत तो ठणठणीत कोरडा पडला. वर्गात गुरुजींनी विचारलं, "ओढा कुठे आटला?" मुलं म्हणाली, "शाळेमागं." गुरुजी म्हणाले, "तो सहा मैल वरून येतो. आटायला नेमका कुठे सुरू झाला, कुणी पाहिलंय?" कुणी पाहिलं नव्हतं. झालं, गुरुजींच्या डोक्यात शिरलं की सातवीच्या सत्तावीस मुलामुलींना ओढ्याच्या काठाकाठाने उगमापर्यंत चालवत न्यायचं आणि दिसेल ते लिहून काढायला लावायचं.

"पोरं पुस्तक वाचत्यात," मला म्हणाले, "ओढा कोन वाचनार?"

सत्तावीस वह्या, एक लांब टेप आणि गूळ-शेंगदाणे, एवढीच मागणी. शालेय उपक्रमांना कचेरीतून थोडं अनुदान मिळत असे. त्यांनी अर्ज केला: विषय, ओढ्याकाठची सहल. अर्ज माझ्याच टेबलावरून वर गेला आणि शेरा घेऊन परत आला: "दुष्काळात सहल कशास?"

दुसरा अर्ज: ओढ्याचा अभ्यास. शेरा: "अभ्यास वर्गात करावा."

गुरुजी माझ्या टेबलासमोर बसून राहिले. मी त्यांना सरळ सांगितलं, "गुरुजी, यंदा आपल्या कचेरीत एकच शब्द चालतो. पाहणी. रोज जीपा कशाला पळताहेत? पाहणीला. तुम्हीही पाहणी लिहा."

"पर आमी तेच करनार हाय की. पाहनार."

"मग लिहायला काय हरकत आहे?"

तिसरा अर्ज: लेंडी ओढा पाहणी. तीन दिवसांत मंजूर. शेरा नाही, सही मात्र दोन ठिकाणी.

यापुढची चूक माझी आहे, ती मी लपवत नाही. उगमाशी खडकदरा नावाची वाडी आहे, साठ-पासष्ट उंबऱ्यांची. मुलं तिथे दुपारी पोचणार, सावलीला बसणार, म्हणून तिथल्या सरपंचांना कळवणं माझं काम होतं. पाहणीच्या पत्राचा मसुदा कचेरीत तयारच होता. मी फक्त मोकळ्या जागा भरल्या. 'लेंडी ओढा पाहणी पथक रविवारी दुपारी बारा वाजता येत आहे. पथक प्रमुख एक, सदस्य सत्तावीस, एकूण अठ्ठावीस. योग्य ते सहकार्य करावे.' बेरीज दोनदा तपासली. 'विद्यार्थी' हा शब्द लिहायला मसुद्यात जागा नव्हती, आणि माझ्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी कचेरीतर्फे मीही बरोबर गेलो. मुलं वाटेत झाडं, खडक, वाळू लिहीत होती. मी मुलं मोजत होतो. खडकदऱ्याचं वळण घेतलं तर समोर लिंबाच्या डहाळ्यांची कमान, हलगी वाजतेय, आणि सरपंच हार घेऊन उभे. आमच्याकडे बघायला कुणी तयार नाही. सगळ्यांच्या नजरा आमच्या डोक्यावरून मागच्या वाटेवर.

"जीप मागं हाय का?" सरपंचांनी विचारलं.

"जीप न्हाई," गुरुजी म्हणाले. "चालत आलोय."

"आन् पथक?"

"ह्ये काय."

सरपंचांनी रांग पाहिली. पुढच्या मुलाचं नाक वाहत होतं. हलगीवाला थांबला. गर्दीतून एक जण बोलला, "काय रं, दिल्लीवाल्यांनी आता पोरं धाडाय सुरवात केली व्हय?" हशा पिकला, पण त्यात मजा नव्हती. मागे बायका उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. या वाडीला दुष्काळी काम मिळालं नव्हतं. खडी फोडायला त्यांना पाच मैल जावं लागे, आणि त्या दिवशी मजुरी बुडवून त्या पाहणी पथकासाठी थांबल्या होत्या.

मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. गुरुजींचं मात्र लक्षच नव्हतं. ते वाकून वाटेवरची माती बघत होते. माती ओली होती.

"ह्ये काय?"

"सडा मारला. सायेबलोक येनार म्हून."

"किती घागरी?"

"असत्याल अठरा."

गुरुजी त्या ओल्या मातीवर मटकन खाली बसले. धोतर चिखलात. हार तसाच सरपंचांच्या हातात. थोड्या वेळाने उठले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "मुलांनो, वह्या काढा. पाहणी सुरू."

मग जे झालं तशी पाहणी मी चोवीस वर्षांच्या नोकरीत बघितलेली नाही. नऊ मुली वाडीच्या एकुलत्या झऱ्यावर गेल्या. घागर बायकांची, घड्याळ माझं. एक घागर भरायला बावीस मिनिटं. वाडीपासून झऱ्यापर्यंत मुलांची एक हजार नऊशे बारा पावलं. माझी तेराशे चाळीस. पावलांवरून अंतर किती यावर वादावादी झाली, टेप आणला, मुलं आणि मी दोघंही थोडे थोडे चुकलो होतो. वाडीत विहिरी तीन. गुरुजींनी तिन्हीत दोरी सोडली, तिन्हीतून ती कोरडी वर आली. सरपंचांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी हार कमानीला अडकवला आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

गयाबाई नावाची एक म्हातारी मुलांना आणखी वर घेऊन गेली. तिथे दोन टेकड्या एकमेकींजवळ येतात. "हितं माजा सासरा बांद घालायचा," ती म्हणाली. "उनाळ्यापातुर पानी ऱ्हायाचं. बांद फुटला, मानूस बी गेलं." मुलांनी दोन टेकड्यांमधलं अंतर मोजलं, मातीचा रंग लिहिला, खड्डा खणून पाहिला. दीड हातावर ओल लागली. गुरुजींनी ती ओली माती बोटांत चोळली, वास घेतला, जिभेलाही लावली असावी.

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मास्तर, मग हितं तळ्याचं काम मिळंल का आमास्नी?"

बायका मागे येऊन थांबल्या होत्या. मला वाटलं, आता येणार गुरुजींचा तो ठरलेला प्रश्न. गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "मिळंल."

परतीच्या वाटेवर मी न राहवून विचारलं, "गुरुजी, हे डोळ्यानं का कानानं?"

त्यानंतर दोन मैल मला गुरुजींची पाठच दिसत राहिली.

सोमवारी आमच्या कचेरीच्या साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं. खडकदऱ्याची हकीकत तोपर्यंत कचेरीत पोचली होती, हलगीसकट. "तोतया पथक नेता? गावाला फसवता?" मी सांगितलं, साहेब, 'विद्यार्थी' हा शब्द माझ्या हातून राहिला. साहेब म्हणाले, "शब्द राहिला! तुमची नोकरी राहते का बघा." गुरुजींनी पिशवी उघडली आणि सत्तावीस वह्या टेबलावर ठेवल्या.

"कंची बी एक वाचा, सायेब."

साहेबांनी झटकून टाकायच्या बेताने मधलीच एक ओढली. वाचायला लागले. एका पानावर थांबले. मी उलट्या बाजूने वाचलं, अक्षर गोल होतं. 'एक घागर भरण्यास बावीस मिनिटे लागतात. आम्ही येणार म्हणून गावाने अठरा घागरी रस्त्यावर ओतल्या. म्हणजे सहा तास छत्तीस मिनिटे.'

मी मनात गुणाकार केला. बरोबर होता.

साहेबांनी वही मिटली. "जा तुम्ही," एवढंच म्हणाले. वह्या मात्र ठेवून घेतल्या.

त्या दिवसापासून गुरुजी शाळा सुटली की कचेरीत. व्हरांड्यातल्या बाकावर, साहेबांच्या दाराकडे तोंड करून, मांडीवर टोपी. काही मागत नसत, विचारत नसत. शिपाई म्हणायचा, "गुरुजी, चहा?" "नको." "मग पानी?" "ते तर न्हाईच." साहेब बाहेर पडले की उठून उभे राहत, साहेब गेले की घरी जात. पहाटे पाचचा स्टोव्ह त्या दिवसांत कधी पेटला, कधी नाही. मंडळींनी वाटीभर भाजी धाडली तर वाटी धुऊन परत, वर निरोप, "वहिनीस्नी सांगा, चव कळंना झालीया."

एकोणीस दिवस. मी मोजले, कारण त्यांनी म्हातारीला दिलेल्या शब्दात माझाही वाटा होता. तेराव्या दिवशी साहेबांनी ओव्हरसियरला वह्या देऊन खडकदऱ्याला पाठवलं. मुलांचं माप त्याने पुन्हा घेतलं. दोन हातांचा फरक निघाला, त्यालाही कोण चुकलं ते सांगता येईना. एकोणिसाव्या दिवशी तळ्याच्या कामाचा हुकूम निघाला.

हुकुमाची प्रत डाकेने जाणारच होती. मी गुरुजींना म्हटलं, ही तुम्हीच घेऊन जा.

"तुमी चला संगं," ते म्हणाले. "एकट्याला म्हातारीफुडं उबं ऱ्हावनार न्हाई."

रविवारी पुन्हा चालत गेलो. कमान नव्हती, हलगी नव्हती. सरपंचांनी हुकूम मोठ्याने वाचला. बायका धावत एकमेकींच्या दारात गेल्या. गयाबाईने कागद हातात घेऊन शिक्क्यावरून अंगठा फिरवला, आणि गुरुजींना तिच्या ओट्यावर बसवून घेतलं. मी एका कडेला.

"मास्तर, पोरं किती तुमास्नी?"

"सत्तावीस."

"आरं बाबा!" म्हातारीने कपाळाला हात लावला. "आन् मालकीन?"

"ती आलीच न्हाई," गुरुजी म्हणाले.

म्हातारी आत गेली. पदरात बोरं घेऊन आली, माळावरची बारकी, तांबडी. "टोपी काडा." तिने सगळी टोपीत ओतली. "लेकरास्नी वाटा. म्हनावं, म्हातारीनं दिल्यात."

परत येताना गुरुजी बोडक्या डोक्याने चालत होते, टोपी दोन्ही हातांत धरून. ऊन चांगलंच लागत होतं. मी एक बोर मागितलं. "न्हाई. पोरांची हायती." मैलभराने ते थांबले, दगडावर बसले, टोपी मांडीवर घेऊन मोजायला लागले. मलाही मोजायला लावलं. बावन्न.

"सत्तावीस दुने चौपन्न," गुरुजी म्हणाले. "दोन कमी पडत्यात."

उठले. वाटेच्या कडेला एक बोरीचं झुडूप होतं, शेळ्यांनी खालून ओरबाडलेलं. धोतर काट्यांत अडकवून, हात ओरखडून घेऊन त्यांनी शेंड्यावरची दोन बोरं काढली. सदऱ्याला पुसून टोपीत टाकली, इतरांत मिसळली.

मग माझ्याकडे वळून दरडावलं, "ही दोन बी म्हातारीनंच दिल्यात. कुनी इचारलं तर तसंच सांगायचं."